झिजतं की गंजतं?

वर्गाबाहेरचा तास

मुलांनो, सातवीत शिकणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. तो लिहितो, ‘बाई, मी रोज सकाळी बाबांबरोबर मैदानावर पळायला जातो. आजोबांना ते पसंत नाही. ते म्हणतात, गाडी जास्त पळवली की इंजिन लवकर कामातून जातं, तसंच शरीराचं. देवानं हृदयाचे ठोके मोजून दिलेत, ते पळून पळून लवकर संपवू नकोस. बाबा म्हणतात, व्यायाम केला की माणूस निरोगी राहतो. दोघंही मोठे. मी ऐकू कुणाचं?’

पत्र वाचून मला फार बरं वाटलं. मोठ्यांची दोन मतं पडली की आपल्याकडे मुलं गप्प बसतात. या मुलानं मात्र सरळ प्रश्न विचारला. आणि प्रश्नही साधासुधा नाही बरं का! यावर मोठमोठे डॉक्टरसुद्धा एकमेकांशी वाद घालत होते. म्हणून आज आपण आजोबा आणि बाबा दोघांनाही जरा बाजूला बसवू आणि पुरावा काय सांगतो ते पाहू.

होडीवाल्यांचं भांडण

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज अशी दोन जुनी विद्यापीठं आहेत. या दोघांमध्ये १८२९ साली होड्यांची शर्यत झाली आणि पुढे ती फार गाजली. लंडनच्या थेम्स नदीवर ती अजूनही होते. प्रत्येक होडीत आठ वल्हवणारे आणि एक दिशा सांभाळणारा. अंतर साधारण पावणेसात किलोमीटर. शर्यत संपते तेव्हा वल्हवणारे अगदी गळून गेलेले असतात.

१८६७ साली फ्रेडरिक स्की नावाच्या लंडनच्या एका नामवंत शल्यविशारदांनी ‘टाइम्स’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. या शर्यतीमुळे तरुणांच्या प्रकृतीचं कायमचं नुकसान होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे आपल्या पत्रातल्या आजोबांचंच मत! झालं, वाद पेटला. कुणी म्हणे खरं, कुणी म्हणे खोटं.

जॉन मॉर्गन नावाचे एक डॉक्टर होते. विद्यार्थी असताना त्यांनी स्वतःही वल्ही मारली होती. त्यांनी ठरवलं, नुसतं भांडून काय उपयोग? ज्यांनी शर्यत केली त्यांचं पुढे काय झालं, तेच विचारू या. १८२९ ते १८६९ या चाळीस वर्षांत शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांची त्यांनी माहिती जमवली. कोण हयात आहे, कोण वारलं, कशानं वारलं, हयात असलेल्यांची तब्येत कशी आहे, अशी चौकशी पत्रं लिहून केली. १८७३ साली त्यांचं पुस्तक निघालं. निष्कर्ष असा, की वल्हवणारे लवकर मरत तर नव्हतेच, उलट अपेक्षेपेक्षा सुमारे दोन वर्षं जास्त जगत होते.

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी लगेच हात वर करेल. ‘बाई, पण त्या विद्यापीठात श्रीमंतांची मुलं शिकत असणार. त्यांना चांगलं खायला मिळे, औषधपाणी मिळे. मग ती जास्त जगणारच की!’

शाब्बास! अगदी बरोबर शंका आहे. शिवाय शर्यतीसाठी निवड होते ती मुळातच धडधाकट मुलांची. म्हणजे मॉर्गन यांच्या कामातून एवढं कळलं, की व्यायामानं भयंकर नुकसान झालेलं दिसत नाही. पण फायदा झाला तो व्यायामानंच, हे काही सिद्ध झालं नाही. त्यासाठी तुलना सारख्या माणसांमध्ये हवी. पैसा सारखा, शहर सारखं, जेवणखाण साधारण सारखं, आणि फरक फक्त हालचालीचा. अशी माणसं कुठं सापडायची?

डबलडेकरमधले दोघं

ती सापडली बसमध्ये!

दुसरं महायुद्ध संपल्यानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकारानं मरणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती. कारण कळत नव्हतं. डॉ. जेरी मॉरिस नावाचे संशोधक त्याचा शोध घेत होते. त्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत काम करणाऱ्या, ३५ ते ६४ वर्षं वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजाराच्या नोंदी तपासायला घेतल्या. त्यात लंडनच्या त्या प्रसिद्ध लाल डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर होते आणि कंडक्टरही होते.

डबलडेकर तुम्हांला माहीत असेलच. मुंबईत बेस्टनं १९३७ साली ती आणली. डिझेलवर चालणारी जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली, आणि त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून विजेवरची नवी डबलडेकर आली. वर-खाली दोन मजले, मधे जिना. आता सांगा, दिवसभर जास्त हालचाल कुणाची? ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलेला. कंडक्टर मात्र तिकिटं द्यायला सारखा वर-खाली करणार. मॉरिस यांच्या लोकांनी चक्क बसमध्ये बसून मोजलं. एक कंडक्टर कामाच्या एका दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या चढत होता. आणि ड्रायव्हर? त्याच्या कामातल्या दहा तासांपैकी नऊ तास बसून, असं प्रमाण.

एकच बस, एकच शहर, साधारण एकाच प्रकारच्या घरांतली माणसं. आणि तरीही हृदयविकाराचा झटका ड्रायव्हरांना जास्त येत होता. कंडक्टरांना तो कमी येत होता, आला तरी उशिराच्या वयात येत होता, आणि त्यात ताबडतोब मृत्यू होण्याचं प्रमाणही कमी होतं.

एवढ्यावर मॉरिस थांबले नाहीत. बसमधलं खरं, पण दुसरीकडे? त्यांनी टपाल खात्याकडे मोर्चा वळवला. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला आणि टेबलाशी बसून काम करणारे त्याच खात्यातले कारकून, टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूला. तिथंही तेच! पोस्टमनांची हृदयं जास्त चांगली. १९५३ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

तरी शंका उरतेच. तुम्हांलाही ती आली असेल. मुळात जो जाडजूड आहे, ज्याला जिने चढायचा कंटाळा आहे, तोच ड्रायव्हर व्हायचा असेल तर? मॉरिस यांनी ही शंका कशी तपासली असेल? मोठी गंमत आहे. बस कंपनी आपल्या नोकरांना गणवेश द्यायची. गणवेश शिवायचा म्हणजे मापं आली. मॉरिस यांनी विजारींच्या कमरेची मापं मागवली! १९५६ साली त्यांनी छापलं, की ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा खरोखरच मोठा होता. म्हणजे शंका अगदीच चुकीची नव्हती. मग पुढे त्यांनी आणखी तपासणी केली. बारीक कंडक्टर आणि बारीक ड्रायव्हर, मध्यम आणि मध्यम, जाड आणि जाड अशी तुलना केली. तरीही प्रत्येक गटात कंडक्टरच सरस! फरक नुसत्या जाडीचा नव्हता, जिन्याचाही होता.

त्यानंतर जगभर अशी कितीतरी संशोधनं झाली आणि उत्तराची दिशा तीच राहिली. नियमित हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांचा धोका कमी असतो.

जाता जाता सांगते, पुढे मॉरिस स्वतःही लंडनच्या एका मोठ्या उद्यानात पळायला जाऊ लागले. त्यांचा जन्म १९१० सालचा, आणि ते वारले २००९ साली, वयाच्या ९९व्या वर्षी! पण हं, एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आता तुम्हांला सांगायला नको.

ठोक्यांचं गणित

आता ठोके मोजून दिलेत या म्हणण्याकडे वळू. मुळात कुणाच्याही हृदयाला ठोक्यांचा असा कोटा दिलेला नसतो. पण घटकाभर तो असतो असं धरू आणि वही-पेन्सिल घेऊन हिशेब करू.

समजा, एक काका अजिबात व्यायाम करत नाहीत. त्यांचं हृदय मिनिटाला ७२ ठोके देतं. दिवसाची मिनिटं किती? १४४०. तेव्हा दिवसाचे ठोके झाले १,०३,६८०.

दुसरे काका रोज तासभर पळतात. त्या एका तासात त्यांचं हृदय मिनिटाला १४० ठोके देतं असं धरा. ते झाले ८,४००. पण नियमित व्यायामानं हृदयाचा स्नायू बळकट होतो. एका ठोक्यात तो जास्त रक्त पुढे ढकलतो, म्हणून एरवी त्याला कमी ठोके पुरतात. समजा, बाकीचे २३ तास या काकांचं हृदय मिनिटाला ६० ठोके देतं. ते झाले ८२,८००. दोन्ही मिळून ९१,२००.

पाहिलंत? पळणाऱ्या काकांनी दिवसाला १२,४८० ठोके वाचवले! वर्षाचे करा बघू. ४५ लाख ५५ हजार २००. म्हणजे कोटा असताच, तरी तो पळणाऱ्यांचाच जास्त दिवस पुरला असता.

शरीर सायकल नव्हे

तरीही यंत्राचा मुद्दा राहतोच. वापरलं की झिजणार, हे सायकलच्या बाबतीत खरं आहे. चेन झिजते, टायर गुळगुळीत होतो. शरीराचं तसं का होत नाही?

कारण सायकल रात्री स्वतःची दुरुस्ती करत नाही, शरीर करतं. तुम्ही खूप खेळता तेव्हा स्नायूंच्या धाग्यांवर ताण पडतो. मग तुम्ही जेवता, झोपता. त्या वेळात शरीर तो स्नायू नीट करतं, आणि नुसता नीट करत नाही, पूर्वीपेक्षा थोडा बळकट करून ठेवतं. उद्या पुन्हा काम पडलं तर असावा, म्हणून! हाडांचंही तसंच. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या दोन्ही हातांची हाडं तपासली, तेव्हा रॅकेटच्या हातातलं हाड दुसऱ्या हातातल्या हाडापेक्षा जाड आणि दणकट निघालं. माणूस एकच, जेवण एकच. फरक कामाचा.

उलट काम काढून घेतलं तर? २०२५ साली आपले शुभांशू शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आले, तिथं शरीराचं वजन जाणवत नाही. पायांना, कमरेला भार पेलावाच लागत नाही. किती मज्जा, असं वाटेल तुम्हांला. पण तिथं महिनोन्‌महिने राहणाऱ्या अंतराळवीरांच्या हाडांतून दर महिन्याला शंभरातला एक ते दीड भाग कमी होऊ शकतो. म्हणून त्यांना तिथं रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो. सुट्टी नाही!

जमिनीवरही हे करून पाहिलं आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथं वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर नुसतं झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी तपासलं तर त्यांची दम टिकवण्याची ताकद पाव हिश्शाहूनही जास्त घटली होती. मग त्यांच्याकडून सुमारे दोन महिने व्यायाम करून घेतला, आणि ताकद परत आली.

खरी कमाल पुढेच आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे झाले होते, वजनं वाढली होती. तरी तीस वर्षांच्या वयानं त्यांची ताकद जेवढी घटवली होती, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं घटवली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम दिला. वयामुळे गेलेली ही ताकदही भरून आली. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. माणसं पाचच होती, हे लक्षात ठेवायचं. पण त्यातून दिसलेली गोष्ट विसरण्यासारखी नाही. सायकल वापरून झिजते आणि न वापरता गंजते. शरीराला जास्त भीती गंजण्याची आहे.

आजोबा कुठे बरोबर आहेत?

म्हणजे आजोबांचं सगळंच खोटं, असं म्हणू नका हं. त्यांच्या बोलण्यातला एक भाग अगदी खरा आहे. दुरुस्तीला वेळच दिला नाही, तर शरीरही झिजतं.

पळण्यानं गुडघे जातात, असं पुष्कळ जण म्हणतात. २०१७ साली यावरच्या अनेक संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. हौसेनं पळणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे साडेतीन जणांना गुडघ्याची किंवा खुब्याची संधिवाताची दुखणी होती. न पळणाऱ्या, बैठ्या लोकांत ती शंभरात सुमारे दहा जणांना होती. आणि स्पर्धांसाठी वर्षानुवर्षं प्रचंड पळणाऱ्यांत? सुमारे तेरा जणांना! आकडे नीट बघा. सगळ्यांत बरे कोण? मधले. अजिबात न पळणारेही तोट्यात आणि अतोनात पळणारेही.

क्रिकेटचं घ्या. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजानं रोज भरमसाट षटकं टाकली, तर पाठीच्या कण्याच्या हाडाला बारीक तडे जाऊ शकतात. म्हणून काही देशांच्या क्रिकेट मंडळांनी कोणत्या वयात किती षटकं टाकायची, यावर मर्यादा घातल्या आहेत.

वर्षभर खुर्चीत बसलेले काका एक जानेवारीला उठून एकदम पाच किलोमीटर धावत सुटतात, तेही चूक. ताप असताना, भर उन्हात पाणी न पिता, दुखऱ्या पायानं खेळणं, हेही चूक. आणि ज्यांना पोटासाठी दिवसभर ओझी उचलावी लागतात, पुरेसं जेवण नाही, विसावा नाही, त्यांच्या कष्टांना व्यायाम म्हणायचं का? नाही. वर्षानुवर्षं जड ओझी उचलण्यानं गुडघे आणि कंबर झिजतात. तिथं ताण आहे, पण दुरुस्तीला वेळ नाही. व्यायाम म्हणजे ताण, जेवण आणि झोप. तिन्ही मिळून एक.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या माझ्या मित्रा, सकाळी बाबांबरोबर खुशाल पळ. पण आजोबांची काळजीही खिशात ठेव. दमलास तर थांब, दुखलं तर सांग, रात्री वेळेवर झोप.

साठवून ठेवता येत नाही

आणखी एक गोष्ट. राल्फ पॅफेनबर्गर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हार्वर्ड विद्यापीठात शिकून गेलेल्या सुमारे १७ हजार पुरुषांचा अभ्यास केला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं. विद्यार्थी असताना विद्यापीठाच्या संघात खेळलेले, पण पुढे खेळ सोडून बसून राहिलेले जे होते, त्यांचा हृदयविकाराचा धोका काही कमी राहिला नव्हता. आणि विद्यार्थी असताना कधी संघात नसलेले, पण पुढे नियमित चालणारे, जिने चढणारे, खेळणारे जे होते, त्यांचा धोका कमी होता.

याचा अर्थ काय? व्यायाम बँकेत ठेवता येत नाही. ‘मी शाळेत कबड्डीचा कप्तान होतो’ एवढ्यावर पन्नाशीतलं हृदय चालत नाही. पण उलट बाजूही बघा, किती दिलासा देणारी आहे! ज्याला शाळेच्या संघात कधीच घेतलं नाही, ज्याचा शर्यतीत शेवटचा नंबर येतो, त्याचंही काही बिघडलेलं नाही. आरोग्याला बक्षिसाचा कप लागत नाही, रोजची सवय लागते. म्हणून शेवटच्या नंबरवाल्यांनो, मैदान सोडू नका.

मग किती करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शिफारशी दिल्या आहेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. त्यात आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट होतील असं काहीतरी असावं. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगितला आहे.

साठ मिनिटं एकदमच हवीत असं नाही. मधल्या सुट्टीत लंगडी किंवा पकडापकडी १५ मिनिटं, शाळेत भराभर चालत किंवा सायकलनं जाणं-येणं २० मिनिटं, संध्याकाळी खो-खो, लगोरी, कबड्डी, सूरपारंब्या २५ मिनिटं. झाले की साठ! दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, मल्लखांब यांनी स्नायू-हाडांचंही काम होतं. खर्च जवळजवळ काही नाही.

दोन गैरसमजही काढून टाकू. जोर-बैठका काढल्या की उंची खुंटते, असं म्हणतात. तसं काही नाही. स्वतःच्या अंगाचं वजन पेलून केलेल्या व्यायामानं उंची अडत नाही. जड वजनं मात्र शिकवणाऱ्याशिवाय उचलायची नाहीत, कारण दुखापत होते. दुसरा गैरसमज, व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते. स्नायू आणि चरबी ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, एकाचं दुसरं होत नाही. व्यायाम थांबतो, खाणं तेवढंच राहतं, म्हणून चरबी वाढते.

करून पाहा

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. शांत बसून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. वहीत लिहा. मग दोन मिनिटं दोरीच्या उड्या मारा आणि लगेच मोजा. त्यानंतर दर मिनिटाला मोजत राहा. नाडी पूर्वीच्या आकड्यापर्यंत यायला किती मिनिटं लागली ते लिहा.

आता सहा आठवडे रोज खेळा. सहा आठवड्यांनी हाच प्रयोग त्याच वेळी, तशाच पद्धतीनं पुन्हा करा. नाडी पूर्वपदावर यायला लागणारा वेळ कमी झाला का? झाला तर का, नाही झाला तर का, हे घरात सगळ्यांना सांगा. आजोबांचीही नाडी मोजायला विसरू नका! ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. पण दमा म्हणजे खेळ बंद, असं मात्र नाही. योग्य औषध घेऊन दमा असणारी पुष्कळ मुलं छान खेळतात.

पालकांसाठी चार शब्द

दहावीचं वर्ष आलं, की घरात पहिली गदा येते ती संध्याकाळच्या खेळावर. शाळांतही पी.टी.चा तास हा गणिताचा पोर्शन पुरा करायला राखून ठेवलेला तास असतो, हे मी शिक्षिका म्हणून नाकारू शकत नाही. खेळाच्या तासानं अभ्यास बुडतो, ही भीती मनातून काढून टाकावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत मुलांना होणाऱ्या फायद्यांच्या यादीत हृदय आणि हाडांबरोबर मनाचं स्वास्थ्य आणि अभ्यासातली प्रगतीही आहे.

दुसरी विनंती मुलींच्या आयांना आणि आज्यांना. सहावी-सातवीत गेली की ‘आता मोठी झालीस, उड्या पुरे’ असं म्हणून मुलीचं मैदान बंद केलं जातं. नेमक्या याच वयात हाडं भराभर भरत असतात. उतारवयात बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडतात, तेव्हा उपयोगी पडतो तो या वयात भरलेला साठा. व्यायामाची दमछाक साठवता येत नाही हे खरं, पण वाढत्या वयात भरलेलं हाड पुष्कळ पुढे पुरतं. पाळीच्या दिवसांतही, मुलीला बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नाही. तिला दोरी द्या, सायकल द्या, अंधार पडायच्या आत घरी ये म्हणा, पण खेळू द्या.

आणि जमलं तर उद्या संध्याकाळी अर्धा तास तुम्हीही मुलांबरोबर मैदानावर चला. डॅलसचे पाच जण पन्नाशीत पुन्हा सुरू करू शकले, तर आपल्याला काय अडचण आहे?